पाहुण्यांची पथ्यं पाळायची तरी किती?

खलबत्ता:
'चकली_भाजणी' यांनी काल लिहिलं की ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) टाळणं, व्हीगन (प्राण्यांपासूनचं काहीच नको, दूधही नाही), कीटो (धान्य, गोड जवळजवळ बंद) हे सगळे चोचले आहेत, पाहुण्याने पानात पडेल ते खावं आणि यजमानाने एकच स्वयंपाक करावा. राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

एकच स्वयंपाक करावा हे मलाही मान्य आहे. पण तो विचार करून ठरवला तर बहुतेक पथ्यं त्यातच बसतात. तूप, दही, दाण्याचं कूट पातेल्यात कशाला घालायचं? वाट्यांत ठेवा, ज्याचं त्याने वाढून घ्यावं. चिंच-गुळाची आमटी, पडवळाची भाजी, भात, ज्वारीची भाकरी, लिंबू पिळलेली काकडीची कोशिंबीर, गोडाला उकडीचे मोदक. यात गहू नाही, दूध नाही, कांदा-लसूण नाही. आल्याऐवजी सुंठ वापरली की जैन पाहुणाही जेवतो, फक्त पानं सूर्यास्ताआधी मांडायची. मोदकाच्या उकडीला वाटीभर पिठीला वाटीभर पाणी, मीठ आणि चमचाभर तेल पुरतं. पारी चिरत असेल तर पाणी कमी पडलंय किंवा उकड गार झाल्यावर मळली आहे.

चकली_भाजणी:
यादी करणं सोपं आहे हो. दहा माणसांच्या भाकऱ्या थापणार कोण? एकेकीला तवा आणि आच मिळून तीन मिनिटं धरा, म्हणजे वीस भाकऱ्यांना घरातली बाई तासभर ओट्यापाशी आणि बाकीचे गप्पा मारत बसलेले. त्यात पीठ जुनं असेल तर विरी (चिकटपणा) गेलेली, थापतानाच कडा फाटतात. आणि तुमच्या यादीत कीटोवाल्याने काय खायचं? भात, भाकरी, गूळ, सगळंच बाद.

ओलं_खोबरं:
विरी गेलेल्या पिठाची उकड काढा. वाटीभर पिठाला वाटीला जरा कमी उकळतं पाणी, झाकण ठेवून दहा मिनिटं, मग गरम असतानाच मळायचं. ही भाकरी लाटता येते, त्यामुळे दुसऱ्यालाही हात लावता येतो. सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवली तर मऊ राहते.

कीटोवाल्यासाठी मी वेगळं काही करणार नाही. एक दिवस भाजी-कोशिंबीर खाऊन त्याचं काही बिघडत नाही. सीलिअॅक हा आजार असलेल्याचं तसं नाही, ग्लुटेनने त्याच्या आतड्याला इजा होते. गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ दळलेली ज्वारी त्याला चालत नाही. धान्य धुऊन, वाळवून घरच्या मिक्सरमध्ये दळा आणि दोनदा चाळा, नाहीतर सरळ भात वाढा. थालीपिठाची भाजणी तर नकोच, बऱ्याच घरांत तिच्यात गहू असतो.

पाटा_वरवंटा:
खलबत्ता, आमटीत हिंग घालणार ना? बाजारातला बांधानी हिंग म्हणजे हिंगाचा चीक, डिंक आणि बहुतेक वेळा मैदा किंवा गव्हाचं पीठ. डबीवर लिहिलेलं असतं. तुमची 'गहू नाही'वाली यादी फोडणीतच मोडली.

चकली_भाजणी:
आता चिमूटभर हिंगावरून वाद! हिशोब करू. अर्धा ग्रॅम हिंग, त्यात निम्मा मैदा धरला तर २५० मिलिग्रॅम, त्यातलं ग्लुटेन दहा टक्के म्हणजे २५ मिलिग्रॅम. दहा जणांची आमटी दोन किलो. म्हणजे किलोला साडेबारा मिलिग्रॅम. 'ग्लुटेनमुक्त' लिहायला आपल्याकडे किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंत परवानगी आहे. मग उगाच लोकांना घाबरवू नका.

पाटा_वरवंटा:
हिशोब अर्धाच केलात. तीच चिमूट अर्धा किलो कोशिंबिरीच्या फोडणीत घाला, किलोला ५० मिलिग्रॅम होतात. भाजीत पुन्हा हिंग, ताकात पुन्हा हिंग. पाहुणा हे सगळं एकाच जेवणात खातो. आणि निम्मा मैदा हा तुमचा अंदाज, डबीवर प्रमाण छापलेलं नसतं. सीलिअॅक असलेल्या माणसाच्या आतड्यावर अंदाजाने प्रयोग करणं मला बेजबाबदार वाटतं, आणि हे मी रागानेच लिहितोय.

ओलं_खोबरं:
खडा हिंग, म्हणजे पीठ न मिसळलेला, वापरा, प्रश्नच मिटतो. मुगाच्या डाळीएवढा तुकडा दहा जणांच्या आमटीला भरपूर. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून ते पाणी उकळत्या आमटीत घाला. खडा थेट कडकडीत तेलात टाकला तर करपतो, कडवट होतो आणि मधला भाग कच्चाच राहतो. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंगही मिळतो, तो नेहमीसारखा फोडणीत चालतो.

जात्यावरची_ओवी:
हिंगावरून एवढं भांडलात, पण दाण्यांकडे कुणीच पाहिलं नाही. शेंगदाण्याची अॅलर्जी असेल तर कूट वाटीत वेगळं ठेवून भागत नाही. कुटाचा चमचा भाजीत बुडतो, त्याच भांड्यात मग चटणी वाटली जाते. फोडणीला शेंगदाणा तेल असेल, त्यातही घाण्याचं, तर ते आधी बदला. कूट त्या दिवशी घरात करूच नका. त्याऐवजी तीळ वापरायचे तर आधी विचारा, तिळाचीही अॅलर्जी असते. भाजलेलं सुकं खोबरं दाटपणाला पुरतं.

खलबत्ता:
वाटीचं माझं म्हणणं पथ्यापुरतं खरं, अॅलर्जीला अपुरं. मान्य. हिंगही सुटला होता.

चकली_भाजणी:
कोशिंबिरीचा हिशोब बरोबर आहे, नाइलाजाने मान्य करते. आजाराला चोचले म्हणायला नको होतं. पण कीटोवरचं माझं म्हणणं तसंच आहे, आणि पाहुण्याने दोन दिवस आधी फोन करून नेमकं सांगावं, यावरूनही मागे हटणार नाही. ज्वारी धुऊन, वाळवून, दळायची तर तेवढे दिवस लागतातच.