कॅनचा ‘लाइव्ह इन स्टुटगार्ट १९७५’ कशासाठी ऐकावा?

लातूरकर श्रोता
जर्मनीतील कोलोन येथे १९६८ साली स्थापन झालेल्या कॅन या रॉक बँडचे ‘टागो मागो’ (१९७१) आणि ‘एगे बाम्यासी’ (१९७२) हे अल्बम मला अतिशय प्रिय आहेत. त्याच ओढीने २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला, त्यांच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण असलेला ‘लाइव्ह इन स्टुटगार्ट १९७५’ लावला, तर ओळखीचे एकही गाणे हाती लागेना. पाच भागांना जर्मन भाषेत एक ते पाच असे नुसते क्रमांक आहेत, गायक नाही आणि तिसरा भाग तर सुमारे ३६ मिनिटे चालतो. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

अंबाजोगाईहून
आपण त्यात गाणी शोधत आहात, अडचण तिथेच आहे. हे वादक स्टुडिओतही तासन्‌तास उत्स्फूर्त वाजवत आणि त्या टेपा कापून-जोडून होल्गर चुकाय त्यांतून अल्बम घडवीत; मैफलीत मात्र ही कात्री नसे, त्यामुळे आपल्या कानांवर पडते ते न कापलेले वादन आहे. बँडचे गायक दामो सुझुकी १९७३ मध्येच बाहेर पडले होते, त्यामुळे इथे चौघेच आहेत: कीबोर्डवर इर्मिन श्मिट, गिटारवर मिखाएल कारोली, बासवर चुकाय आणि ड्रम्सवर याकी लीबेत्साइट.

तिसरा भाग ऐकताना लक्ष फक्त लीबेत्साइट यांच्यावर ठेवून पाहा. मूळचे फ्री जॅझमधले (ठरलेला ठेका न पाळणाऱ्या मुक्त जॅझमधले) हे वादक इथे एकच ठेका धरून बसतात, पण त्यातला एखादा आघात किंचित पुढे-मागे सरकवतात आणि तेवढ्याने गिटारची चाल बदलते. आपल्याकडे गोंधळात संबळ जसा कथेला हलू देतो पण सुटू देत नाही, तसेच काहीसे हे आहे.

नांदेडचा वाचक
वरील विवेचन पटले, तरी नव्या श्रोत्याला मी स्टुटगार्टपासून सुरुवात करायला सांगणार नाही. ही टेप मैफलीला आलेल्या एका चाहत्याची आहे. श्मिट आणि ध्वनितज्ज्ञ रेने टिनर यांच्या देखरेखीखाली ती कितीही निगुतीने सुधारली असली, तरी मोबाइलच्या स्पीकरवर बास जवळपास नाहीसा होतो आणि मग लांबण तेवढी उरते. चांगला हेडफोन घ्यावा. कॅनच्या मैफलींच्या ध्वनिमुद्रणांच्या याच मालिकेतील ‘लाइव्ह इन पॅरिस १९७३’ आधी ऐकावा, कारण ऑलिंपिया सभागृहातील त्या मैफलीत दामो सुझुकी गातात. ते फेब्रुवारी २०२४ मध्ये निवर्तले आणि त्याच महिन्यात हा अल्बम प्रसिद्ध झाला.

अंबाजोगाईहून
हेडफोनविषयी पूर्ण सहमत आहे. क्रमाविषयी मात्र नाही. पॅरिसमध्ये दामोंचा आवाज इतका लक्ष वेधतो, की गायकावाचून या चौघांनी रिकामी जागा कशी भरून काढली हे समजायला शेवटी स्टुटगार्टकडेच यावे लागते. लातूरकरांनी पहिल्या बैठकीत तिसरा भाग तेवढा ऐकावा, बाकीचे चार नंतर घ्यावेत.