उडी आहे, पण जागा कोणती? सहा फूट तीन इंचांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉल खेळाडूविषयी सल्ला हवा

कळव्याचा मामा:

नमस्कार. माझा भाचा ठाण्यातील एका महाविद्यालयात वाणिज्य शाखेला आहे. दुसऱ्या वर्षाची परीक्षा नुकतीच झाली. वय वीस, उंची सहा फूट तीन इंच. दहावीपर्यंत तो शाळेकडून उंच उडीत भाग घेत असे आणि बास्केटबॉल त्याने अकरावीत हाती घेतला, म्हणजे खेळायला लागून त्याला जेमतेम चार वर्षे झाली आहेत. आम्ही भिंतीवर खडूने खुणा करून मोजले, तेव्हा उभ्याने हात वर केल्यावर बोटे अडीच मीटरवर पोहोचली आणि धावत येऊन उडी घेतल्यावर सव्वातीन मीटरवर. रिंग ३.०५ मीटरवर असते, हे येथील मंडळींना सांगायला नको. सामन्यात तो डंक करतो, म्हणजे चेंडू वरून थेट रिंगमध्ये घालतो, समोरच्याची फेक ब्लॉक करतो, रिबाउंड, म्हणजे हुकून परतलेले चेंडू, तर बहुतेक त्याच्याच हाती येतात. संघात सर्वांत उंच तोच, त्यामुळे सेंटरला, म्हणजे रिंगखालच्या जागेवर, खेळतो.

आता दुसरी बाजू. डाव्या हाताने ड्रिबल करत तो चार पावलेही धड जात नाही आणि फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकी, दहापैकी चार-पाचच पडतात. गेल्या महिन्यात सरावाला एक निवृत्त विभागीय खेळाडू आले होते. वय पन्नाशीचे, पोट सुटलेले. त्यांनी रिंगखाली चेंडू नुसता कपाळापर्यंत उचलला, त्याबरोबर भाचा पूर्ण ताकदीनिशी उडाला. गृहस्थ जागचे हलले नाहीत आणि तो खाली येऊ लागल्यावर त्यांनी निवांतपणे ले-अप टाकला. असे लागोपाठ तीन वेळा झाले. तेव्हा मीही हसलो, परंतु घरी येताना तेच मनात घोळत राहिले.

ताईचे म्हणणे असे की आता पुढील शिक्षणाच्या प्रवेश परीक्षांची तयारी सुरू करावी. भाऊजींना वाटते की एवढी उडी देवाने उगाच दिलेली नाही. त्याच्यात व्यावसायिक खेळाडू होण्याची कुवत आहे का, आणि असल्यास पुढची दोन वर्षे कशावर खर्च करावीत?

जुना गार्ड, नौपाडा:

मी आंतरविद्यापीठ पातळीपर्यंत खेळलो आणि नंतर बरीच वर्षे मुलांना शिकवले, त्या अनुभवावरून लिहितो.

तुम्ही जी गोष्ट ओघात सांगून गेलात, तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते: तो सेंटरला खेळतो. सहा फूट तीन इंच ही उंची आपल्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत मोठी दिसते, कारण समोरचा सेंटर सहा फुटांचा असतो. वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत मात्र ती गार्डची, म्हणजे बाहेरून चेंडू खेळवणाऱ्याची, उंची आहे. अमज्योत सिंग, अमृतपाल सिंग ही भारतीय संघातून रिंगखाली खेळलेली मंडळी सहा फूट आठ इंच आणि त्याहून उंच आहेत. महाविद्यालयाच्या प्रशिक्षकांना मी दोष देणार नाही. त्यांना हाताशी असलेल्या बारा मुलांत सामना जिंकायचा असतो. परंतु रिंगकडे पाठ करून तो जितके सामने खेळेल, तितके सामने त्याच्या पुढच्या जागेच्या शिक्षणातून वजा होतील. त्या जागेवर चेंडू हातात घेऊन समोर तोंड करून खेळावे लागते, स्क्रीनचा, म्हणजे सहकाऱ्याने अंगाने घातलेल्या आडोशाचा, उपयोग करून आत घुसावे लागते आणि बचावातला दुसरा माणूस मदतीला आला की चेंडू कोणाकडे द्यायचा हे अर्ध्या क्षणात ठरवावे लागते. हे त्याला आज कोणी विचारतच नाही.

दुसरे असे की उडी पुष्कळ दोष झाकते. त्याला रिबाउंड मिळतात ते बॉक्स आउट करून, म्हणजे समोरच्याला अंगाने मागे अडवून, मिळतात की नुसते वरून मिळतात, हे पुढच्या सामन्यात नीट पाहा. मला उत्तर माहीत आहे असे वाटते. रेल्वेचा एखादा अनुभवी खेळाडू चेंडू हवेत असतानाच कंबर लावून त्याला दोन पावले मागे रेटील, आणि मग सव्वातीन मीटरची उडी चुकीच्या जागेवरून घेतली जाईल. पन्नाशीच्या गृहस्थांनी केले तेही याच जातीचे. हुलकावणीला भुलणाऱ्या मुलाचे नुकसान दोन गुणांवर थांबत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पाच फाउलला खेळाडू बाहेर जातो आणि अशा मुलाचे पाच फाउल तिसऱ्या क्वार्टरमध्येच भरतात. उपाय कंटाळवाणा आहे. दोन आठवडे सरावात त्याला बचाव करताना उडीच मारू देऊ नका. हात वर, पाय जमिनीवर, आणि नजर चेंडूवर न ठेवता समोरच्याच्या कमरेवर.

फ्री थ्रोबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण आपल्याकडे त्याला सामना संपल्यावरचा विरंगुळा समजले जाते. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पाचव्यापासून समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात. तुमच्या भाच्यासारखा आत घुसणारा मुलगा रेषेवर वारंवार जाणार, आणि तो दहापैकी चारच टाकतो हे एकदा कळले की लोक त्याला मुद्दाम पाडणार. शिवाय ४.६ मीटरवरून, कोणी अंगावर नसताना, हात स्थिर नसेल तर ६.७५ मीटरच्या तीन गुणांच्या रेषेवरून तो कधी स्थिर होणार? त्याच्या फेकीचा व्हिडिओ बाजूने काढून पाहा. उंच उडीतून आलेली मुले बहुधा पायांनी फेकतात आणि मनगट शेवटी आठवते.

चार वर्षांचेच खेळवय ही मात्र त्याची जमेची बाजू आहे. दहाव्या वर्षापासून खेळणारा मुलगा आज जिथे आहे तिथेच असता, तर मी तुम्हाला प्रवेश परीक्षेची पुस्तके आणा असे सांगितले असते. वर्षभराने फ्री थ्रो दहापैकी सात पडू लागले, डावा हात उजव्याची लाज राखू लागला आणि सामन्यात तो निम्मा वेळ तरी बाहेरून खेळू लागला, तर पुन्हा येथे लिहा.

आता पाऊस सुरू होईल आणि ठाण्यातील उघडी सिमेंटची कोर्टे तीन-चार महिने शेवाळून जातील. त्या काळात इमारतीच्या पार्किंगमध्ये डाव्या हाताचे ड्रिबलिंग रोज वीस मिनिटे करता येते. पाऊस उघडल्यावर आठवड्यातून एकदा त्याला भायखळ्याला उतरवून नागपाड्याला न्या. तेथे वयाने मोठी, अंगाने दणकट माणसे खेळतात आणि ती कोणाच्या उडीला टाळ्या वाजवत नाहीत.

वाशीतील फिजिओ:

डंकचे वर्णन वाचून माझे लक्ष खाली येण्याकडे गेले. त्याला गुडघ्याच्या वाटीखाली दुखते का? सकाळी जिना उतरताना? आणि उडीनंतर तो एका पायावर उतरतो की दोन्ही? सिमेंटवर वर्षानुवर्षे उड्या मारणाऱ्या मुलांत वाटीखालच्या स्नायुबंधाचा त्रास इतका नेहमीचा आहे की त्याला 'जंपर्स नी' असेच नाव पडले आहे.

कळव्याचा मामा:

आपण म्हणता तसे जिना उतरताना डाव्या गुडघ्यात दुखते, असे त्याने काल विचारल्यावर कबूल केले. यापूर्वी सांगितले नव्हते. मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. तो बहुतेक वेळा एकट्या डाव्या पायावर उतरतो आणि त्या क्षणी गुडघा आतल्या बाजूला झुकतो.

वाशीतील फिजिओ:

मग आधी प्रत्यक्ष तपासणी करून घ्या. येथे लिहून निदान होत नसते. सर्वसाधारणपणे सांगायचे तर उतरताना गुडघा आत झुकणे हे मांडीच्या वरच्या आणि नितंबाच्या स्नायूंत जोर कमी असल्याचे लक्षण असू शकते, आणि ते तसेच राहिले तर गुडघ्याच्या आतील मुख्य अस्थिबंधाला धोका वाढतो. ते एकदा तुटले आणि शस्त्रक्रिया झाली की पुन्हा मैदानात यायला नऊ महिने किंवा त्याहून अधिक लागतात. वीस ते बावीस या वयात एवढा काळ गमावणे कोणालाच परवडत नाही. पावसाळ्याचे हे महिने ताकदीच्या व्यायामाला उत्तम आहेत: एका पायावरचे स्क्वॉट, पायरीवरून सावकाश उतरणे, फूटभर उंचीवरून उडी टाकून दोन्ही पायांवर आवाज न करता उतरणे. आवाज आला तर ती उडी मोजायची नाही. दुखणे पूर्ण थांबेपर्यंत डंकची हौस बाजूला ठेवावी. बघणारे मित्र नाराज होतील, होऊ द्यात.

ऐरोलीकर:

'व्यावसायिक' या शब्दाचा अर्थ घरात एकदा ठरवून घ्यावा, कारण भाऊजींच्या डोळ्यांसमोर बहुधा अमेरिका असणार. एनबीए या तेथील व्यावसायिक लीगच्या निवड प्रक्रियेत साऱ्या जगातून वर्षाला फार तर साठ खेळाडू घेतले जातात. पंजाबचा सतनाम सिंग चौदाव्या वर्षी फ्लोरिडाला शिकायला गेला, सात फूट दोन इंच उंचीचा होता, २०१५ साली डॅलसच्या संघाने त्याला बावन्नावा निवडला आणि तरीही त्याला एनबीएचा एकही सामना खेळायला मिळाला नाही. अमेरिकेतील महाविद्यालयाचा विचार असेल तर हेही पाहा की तेथील प्रथम श्रेणीत परंपरेने खेळाडूला पाच वर्षांची मुदत मिळते, ती कोणत्याही महाविद्यालयात पूर्णवेळ प्रवेश घेतल्यापासून मोजतात, आणि भाच्याची दोन वर्षे ठाण्यातच वापरून झाली आहेत.

आपल्याकडे व्यावसायिक म्हणजे आजही मुख्यतः खात्याचा संघ: रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक, आयकर. लीग येतात आणि जातात. यूबीए ही भारतातली बास्केटबॉल लीग २०१५ मध्ये सुरू झाली आणि २०१७ नंतर दिसली नाही. विशेष भृगुवंशीचे उदाहरण भाच्याने पाहावे. तो गार्ड, साडेसहा फुटांच्या आतला, ओएनजीसीकडून खेळलेला, भारताचा माजी कर्णधार, आणि २०२० मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील ॲडलेडच्या संघाने त्याच्याशी करार केला होता. त्याची उंची तुमच्या भाच्यापेक्षा फार नव्हे, तर जेमतेम एक-दोन इंचांनीच जास्त असेल. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी कोणत्या पातळीची कामगिरी धरतात ते नीट वाचून प्रमाणपत्रे आतापासूनच जपावीत.

माझी एक सूचना आहे. तीन विरुद्ध तीन हा प्रकार त्याने गंभीरपणे घ्यावा. अर्धे कोर्ट, बारा सेकंदांत फेक, दहा मिनिटे किंवा एकवीस गुण. टोकियोपासून तो ऑलिम्पिकमध्येही आहे. तेथे प्रत्येकाला बाहेरून खेळावे लागते आणि प्रत्येकाला सर्वांचा बचाव करावा लागतो, त्यामुळे जुन्या गार्डांनी सांगितलेले शिक्षण तेथे आपोआप घडते. लपायला सेंटरची जागाच नसते.

घोडबंदरची आई:

माझी मुलगी राज्य पातळीवर खेळली. एवढेच सांगते की ताईंचे म्हणणे उडवून लावू नका. खात्यांच्या भरतीत पदवी लागते तेव्हा ती नसल्याची हळहळ आमच्या ओळखीच्या दोन मुलांनी भोगली आहे. तिसरे वर्ष त्याने व्यवस्थित पूर्ण करावे. प्रवेश परीक्षा एक वर्ष थांबू शकते, गुडघाही थांबू शकतो.

कळव्याचा मामा:

सर्वांचे आभार. भाऊजींनी सतनामविषयीचा मजकूर दोनदा वाचला आणि काही बोलले नाहीत. शनिवारी वाशीला तपासणीची वेळ घेतली आहे. महाविद्यालयाच्या प्रशिक्षकांशी बोललो. सराव सामन्यांत निम्मा वेळ त्याला बाहेर खेळवायला ते तयार आहेत, मात्र स्पर्धेत तो सेंटरच राहील, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पार्किंगमधले डाव्या हाताचे ड्रिबलिंग परवा सुरू झाले आणि कालच पहिल्या मजल्यावरच्या आजोबांची तक्रार आली, तेव्हा आता वेळ सायंकाळी सहा ते साडेसहा अशी ठरली आहे.