ऑफिसच्या प्रिंटरचा आयपी सारखा बदलतोय, कायमचा कसा सेट करायचा?

नमस्कार मंडळी, ऑफिसात एक प्रिंटर आहे, केबलने राउटरला जोडलेला, आठ-दहा जण वापरतो. दर सोमवारी कोणाच्या ना कोणाच्या कॉम्प्युटरवर तो ऑफलाइन दिसतो, मेनूत जाऊन बघितलं की आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बदललेला. वैतागून मागच्या आठवड्यात प्रिंटरवरच मॅन्युअल करून १९२.१६८.१.१०५ टाकला, दोन दिवस मस्त चाललं आणि आता कधी प्रिंट येते कधी नाही. पिंगला (म्हणजे त्या आयपीवर कोणी आहे का हे कॉम्प्युटरवरून विचारलं की) मात्र रिप्लाय येतो, मग अडतंय कुठे?

प्रतिसाद १
रिप्लाय येतोय पण तो प्रिंटरचाच आहे कशावरून? १०५ हा नंबर राउटरच्या डीएचसीपी रेंजमधला, म्हणजे राउटर स्वतःहून वाटतो त्या नंबरांमधला असणार, तुम्ही तो प्रिंटरला दिलाय हे राउटरला माहीतच नाही, त्याने तोच कोणाच्या तरी मोबाइलला वाटला असेल. प्रिंटरची केबल काढा, मिनिटभर थांबा आणि परत पिंग करा.

प्रश्नकर्ता
केबल हातात धरून पिंग केलं, रिप्लाय आला!! आता काय करू?

प्रतिसाद २
माझं ऐका, प्रिंटरवर नंबर टाकूच नका, तो परत ऑटोवर ठेवा आणि राउटरमध्ये रिझर्वेशन करा. प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्क कॉन्फिगरेशनचं पान छापून घ्या, त्यावर मॅक अॅड्रेस असतो, म्हणजे नेटवर्कवर त्याची ओळख पटवणारा क्रमांक, दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या. नीट बघून घ्या हां, वायफायचा वेगळा आणि केबलचा वेगळा असतो, मी एकदा वायफायचा टाकून अख्खी दुपार घालवली होती. तो मॅक राउटरमध्ये टाकून एक आयपी बांधून द्या, मग प्रिंटर बंद-चालू करा, दरवेळी तोच मिळेल.
राउटरमध्ये ही सोय नसेल तरच मॅन्युअल, आणि तेही रेंजच्या बाहेरचा नंबर. म्हणजे रेंज १०० ते २०० असेल तर ५० वगैरे, आधी तो दुसऱ्या कशाला दिलेला नाही ना बघून. सबनेट मास्क राउटरवर आहे तोच, बहुतेक २५५.२५५.२५५.०, आणि गेटवे म्हणजे राउटरचा पत्ता. गेटवे चुकला तरी ऑफिसातल्या ऑफिसात प्रिंट येत राहते म्हणून कळत नाही, पण स्कॅन करून ईमेलला पाठवायला गेलं की अडतं.

प्रतिसाद ३
वरचं सगळं बरोबर, पण कॉम्प्युटरची बाजू विसरू नका. विंडोजमध्ये प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स टॅब उघडा, तिथे जुना आयपी असेल तर स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट नवीन बनवून तो निवडा, प्रत्येक कॉम्प्युटरवर. आणि प्रिंटरवर कधी १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी दिसला तर त्याला राउटरकडून काही मिळालेलंच नाही, आधी केबल बघा.

प्रश्नकर्ता
रिझर्वेशन झालं, दोनदा बंद-चालू करून बघितलं, आयपी तोच. अकाउंट्सच्या दोन कॉम्प्युटरवर जुनाच पोर्ट होता, तो बदलल्याबरोबर सकाळपासून अडकलेल्या प्रिंट धडाधड बाहेर आल्या. खूप आभार सगळ्यांचे!