सोप्याला तांब्याचा स्टँडिंग सीम पत्रा, कोल्हापुरात कुणी केलाय का?

रंकाळ्याचा_वारा: कळंब्याजवळ घर बांधतोय. बाकी स्लॅबच आहे, फक्त पुढच्या सोप्याला उतरतं छप्पर, साधारण 200 चौरस फूट. वरून स्क्रू न मारता, कडा उभ्या दुमडून करतात तसा तांब्याचा पत्रा हवाय. सगळं मिळून अडीच लाख. कौलं नकोत, आधीच सांगतो. काय बघून घ्यायचं?

मटण_थाळी: कौलं घाल की भावा. मंगळुरी. आमच्या आजोळी अजून तीच हाईत. मे महिन्यात चाळायची, फुटलेली बदलायची, विषय संपला.

शिरोलीकर: पत्र्याच्या नादाला लागू नको. मी रंगीत शीट टाकली, तिसऱ्या पावसाळ्यात प्रत्येक स्क्रूपाशी गळती. वॉशरचं रबर उन्हानं चिरलंय. ठेकेदार फोन उचलत नाही.

उद्यमनगर_फिटर: शिरोलीकर, यात पत्र्याला भोकच पडत नाही. क्लिपा खालच्या प्लायला मारतात, त्या दुमडीत झाकल्या जातात. पत्रा उन्हात वाढतो, 10 मीटरला 50 अंशांच्या फरकात 8 मिमीच्या वर. क्लिपेनं तेवढं सरकू द्यायला पाहिजे.
हिशोब: 0.6 मिमी पत्रा चौरस मीटरला सुमारे 5.4 किलो. 200 फुटाला 100 किलो, दुमडी आणि कापाकापी धरून 125. किलोला हजार धरलास तरी सव्वा लाख नुसता पत्रा. वर प्लाय, अंडरले (प्लाय नि पत्र्याच्या मधला थर), मजुरी. बसेल, पण ओढाताण होईल.

गगनबावड्याचा_पाहुणा: अडीच लाखांत काय होणार? फार्महाऊसवर 3000 फूट केलंय, पुण्याचा आर्किटेक्ट. हिरवं छप्पर बघायला लोक गाड्या थांबवतात.

मटण_थाळी: किती वर्षांत हिरवं झालं?

गगनबावड्याचा_पाहुणा: अजून तपकिरी आहे. होईल.

उद्यमनगर_फिटर: तांब्यावर हिरवा थर खाऱ्या हवेत लवकर चढतो. तुमचं समुद्रापासून लांब आहे, दशकं लागतील.

राजारामपुरीची_काकू: बाळा, रस्त्याकडेला सव्वाशे किलो तांबं? आमच्या गल्लीत बोअरची वायर सोडत नाहीत. आणि घागर चिंचेनं घासतो, छप्पर कोण घासणार?

शिरोलीकर: तांब्यावर वीज पडते म्हणे.

उद्यमनगर_फिटर: धातू आहे म्हणून वीज ओढली जात नाही, उंची बघा. अर्थिंग करा.

शिरोलीकर: आमच्या मेव्हण्याच्या टाकीवर पडली होती.

उद्यमनगर_फिटर: टाकी प्लास्टिकची होती ना?
बरं, मुद्द्याचं राहिलं. खाली जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्याची पन्हळ अजिबात नको. तांब्यावरून उतरलेलं पाणी जस्त खातं, ॲल्युमिनियमही. पन्हळ तांब्याची, क्लिपा नि खिळे तांब्याचे नाहीतर स्टेनलेसचे. कारागीर म्हणून एसीचं डक्ट बनवणारा गाठ, दुमड त्यांच्या हातात बसलेली असते. आधी दोन फुटांचा नमुना करून घे, उतार देऊन वर बादली ओत, खालून हात फिरव.

कसबा_बावडा_७: जीआयची पन्हळ लाव, स्वस्त पडते. शाहूपुरीत मिळेल.

रंकाळ्याचा_वारा: ठरलं. तांबंच. काकू, माफ करा. आणि पन्हळच लावत नाही, बायकोला सोप्यात बसून पागोळ्या बघायच्यात. खाली खडीचा पट्टा टाकतो.

उद्यमनगर_फिटर: वाऱ्यानं पाणी फरशीवर येणार, हिरवट डाग पडणार. मग मला विचारू नको.

मटण_थाळी: कौलाच्या पागोळ्या लई भारी दिसतात.

कसबा_बावडा_७: पन्हळीचा नंबर हवा का?