शब्दचर्चा: साठी, नाठी आणि म्हातारचळ

घाटवाट: २१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात त्या दिवशी डॉक्टरांचं व्याख्यान आहे आणि फलक लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. 'डिमेन्शिया' लिहिलं तर निम्मे लोक थांबणार नाहीत, 'स्मृतिभ्रंश' लिहिलं तर प्रवचन वाटेल. 'विस्मरण' चालेल?

पारवा: नको. विस्मरण सगळ्यांनाच होतं. हा आजार त्याच्या पुढे जातो: हिशोब जमेनासा होतो, रोजचा रस्ता चुकतो, बोलताना साधा शब्द सापडत नाही. प्रवचनाची शंका मात्र रास्त. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात 'स्मृतिभ्रंशाद् बुद्धिनाशः' आहेच, पण तिथे त्याचं मूळ क्रोधात आहे, मेंदूच्या पेशींत नाही. तरी 'स्मृतिभ्रंश'च लिहा, वर्तमानपत्रांमुळे रुळलाय. हिंदीवाले 'मनोभ्रंश' म्हणतात.

नदीकाठ: घरात यातलं काहीच कोणी म्हणत नाही हो. 'साठी बुद्धी नाठी' म्हणतात. नाठी म्हणजे नष्ट झालेली. थोडक्यात, साठी आली की बुद्धी जायचीच, तक्रार कसली करता! घात इथेच होतो. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांनीही माणूस विसरायला लागतो आणि ते उपचारांनी सुधारू शकतं. म्हणीनं निकाल लावून टाकला की रक्त तपासायला नेतो कोण? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, डिमेन्शिया आहे. आकडा थोडा नाही. पण बाकीच्या नव्वदावर टक्क्यांना तो नाही, हेही त्या म्हणीला कोणीतरी सुनवा.

पारवा: 'म्हातारचळ' त्याहून वाईट. डिमेन्शियाच्या फ्रंटोटेम्पोरल नावाच्या प्रकारात सुरुवातीला आठवण बरीचशी शाबूत असते, बदलतो तो स्वभाव. जन्मभर मान खाली घालून वागलेला माणूस चारचौघांत अचकटविचकट बोलायला लागतो, दुकानातली वस्तू पैसे न देता खिशात टाकतो. हे बहुधा पासष्टीच्या आतच सुरू होतं, म्हणजे धड म्हातारपणही नाही. लोक मात्र चारित्र्यावर बोट ठेवून मोकळे. (आणि या प्रकाराला 'स्मृतिभ्रंश'ही तोकडाच पडतो.) जपानमध्ये डिमेन्शियाच्या जुन्या शब्दाला मूर्खपणाची छटा होती. सरकारनं २००४ साली तो बदलून 'निन्चिशो' (आकलनाचा विकार) केला.

नदीकाठ: आमच्या चाळीतल्या एक आजी जेवून, हात धुऊन गॅलरीत यायच्या आणि समोरच्यांना सांगायच्या, "सकाळपासून अन्नाचा कण नाही पोटात." पदरावर आमटीचा ओला डाग असायचा. तरी बभ्रा सुनेचाच. आजींच्या आजाराला तरी चार शब्द आहेत, त्या सुनेला काय म्हणायचं? 'काळजीवाहू' म्हटलं की सरकार आठवतं.

घाटवाट: आमच्याकडे विचारतात, "आईचं कोण करतं?" उत्तर येतं, "धाकटी करते." क्रियापदावरच भागतं, नाम लागतच नाही.

नदीकाठ: अगदी. मग फलकावर 'घरातल्या ज्येष्ठांचं जे करतात, त्यांनी जरूर यावं' एवढं घाला. आणि तेवढे दोन तास घरी आजींपाशी कोण बसेल, तेही संघानंच ठरवा, नाहीतर धाकटी येणार कशी?