'रिकन्स्ट्रक्शन'ला पुनर्रचना म्हणावं का?

पानगळ: अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतरच्या काळावर, म्हणजे 'रिकन्स्ट्रक्शन'वर, अनुवाद करतेय. सगळीकडे 'पुनर्रचना' लिहिलं होतं, तर तपासणाऱ्या बाईंनी समासात पेन्सिलीने लिहिलं, "राज्यांच्या सीमा बदलल्या का?" खरंय त्यांचं, आपल्याकडे राज्य पुनर्रचना म्हटलं की १९५६ आणि भाषावार प्रांतच आठवतात. आणि 'पुनर्बांधणी' म्हटलं की मला किल्लारीची घरं दिसतात.

तेरणाकाठ: किल्लारीला आम्ही पुनर्वसन म्हणायचो. पुनर्बांधणी हा कागदावरचा शब्द.

जुनीवही: अहो मूळ भांडणात हाही वाद होताच! तेव्हाचे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांना 'रिस्टोरेशन' शब्द आवडायचा, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेतल्या राज्यांना माफी देऊन होती तशी परत आत घ्या. पण त्याच राज्यांनी लगेच 'ब्लॅक कोड' नावाचे कायदे आणून मुक्त झालेल्या गुलामांना पुन्हा जखडलं, म्हणून काँग्रेस (तिथली संसद) अडून बसली. १८६६चा नागरी हक्क कायदा जॉन्सननी व्हेटो केला, काँग्रेसने दोन तृतीयांश मतांनी तरीही पास केला, १८६७ला दहा राज्यं पाच लष्करी विभागांत घातली तीही व्हेटो मोडूनच. जॉन्सनसाठी 'पूर्ववत करणे' आणि काँग्रेससाठी 'पुनर्रचना' ठेवा, फरक दिसायलाच हवा.

शुद्धमराठी: व्हेटो कशाला? नकाराधिकार आहे ना.

जुनीवही: 'नकाराधिकार वापरून फेटाळला' असं दर ओळीला लिहून बघा, वाचणारा दमतो.

दोरारीळ: जॉन्सन मूळचे शिंपी. माझे वडीलही शिंपी, फाटका सदरा आला की आधी उजेडात धरायचे, शिवण उसवली असेल तर टाका, कापडच विरलं असेल तर सरळ सांगायचे की शिवून टिकणार नाही. जॉन्सनना ती उसवलेली शिवण वाटली, कापड विरलेलं दिसलंच नाही.

पानगळ: सुरेख! आणि 'जॉन्सनवर महाभियोग झाला' लिहिलं तर पद गेलं असं वाटेल का?

तेरणाकाठ: वाटेल. 'चालवला' लिहा. प्रतिनिधिगृहाने ठपका ठेवला पण सिनेटमध्ये ३५ विरुद्ध १९; पद जायला दोन तृतीयांश म्हणजे ३६ मतं लागत होती, एका मताने वाचले.

शुद्धमराठी: माझा आक्षेप 'यादवी'लाच आहे. यादव एका कुळातले, आपसात लढले. इथे चाळीस लाख गुलाम होते, त्यांना त्या कुळात कोणी धरलं होतं?

जुनीवही: मग काय गृहयुद्ध? ते हिंदीतून आलंय.

शुद्धमराठी: गृह आणि युद्ध दोन्ही संस्कृत, हिंदीचं काय त्यात!

दोरारीळ: माझी आजी घरातल्या भांडणालाही यादवीच म्हणायची, कूळबीळ कोणी बघत नव्हतं.