लक्ष्मी यात्रेचं लाइव्ह: ७२० चा हट्ट सोडा

खानापूरकर: मागच्या यात्रेला आमच्या गावचा रथ चौकात आला, भंडारा उधळला आणि लाइव्हमध्ये नुसते पिवळे चौकोन. पुण्या-मुंबईहून फोन, "रथ कुठाय?" तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. जंगलभागातल्या गावांनी ७२० ओळींच्या चित्राऐवजी ४८० ओळींवरच लाइव्ह करावं.

७२० चं चित्र, सेकंदाला २५ चित्रं धरली, तर कच्चं सेकंदाला ५५३ मेगाबिट होतं. व्हिडिओ दाबून लहान करणारा एच.२६४ ते दोन-अडीच मेगाबिटात बसवतो. कसं? जे हललं नाही ते परत पाठवत नाही, जे सरकलं त्याचं फक्त 'इतकं सरकलं' सांगतो. देऊळ जागेवर, रथ सावकाश, तोवर निभावतं. भंडाऱ्याचा कण न् कण मात्र स्वतःच्या मर्जीनं उडतो. मागच्या चित्रातून उचलायला काही नाही, बिट पुरत नाहीत, मग बारीक तपशील कापला जातो. ४८० ला पिक्सेल निम्म्याहून कमी, म्हणजे आहेत ते बिट तरी पुरतील.

माहेरवाशीण, पुणे: हे पटलं नाही दादा. ज्याचं नेट बारीक त्याला यूट्यूब आपोआप कमी दर्जाचं दाखवतं की. आमच्या घरी टीव्ही मोठा, नेट चांगलं. आम्हाला शिक्षा कशाला?

खानापूरकर: ताई, ती सोय सर्व्हरपासून तुमच्या टीव्हीपर्यंत. गावातून सर्व्हरपर्यंत आमच्या फोनची एकच धार जाते, आणि त्या दिवशी अख्खी यात्रा त्याच टॉवरवर रील टाकत असते. वर जे पोचलंच नाही ते खाली कुठल्या दर्जात दाखवणार?

शहापूरचा स्टुडिओवाला: एच.२६४ च्या पुढचं एच.२६५ घ्या, विषय संपला. २०१३ सालचं तंत्र आहे, साधारण निम्म्या बिटांत तेवढंच चित्र.

खानापूरकर: स्टुडिओत संपला असेल. आमचा फोन उन्हात तासाभरात तापून बंद पडतो, त्यावर एच.२६५ च्या जास्त आकडेमोडीचं अजून ओझं?

झांजवाला: चित्रावरच भांडा. आवाज ३२ केबीपीएसवर (सेकंदाला ३२ किलोबिट) टाकलेला, त्याचं काय? झांजेचा ठोका पडायच्या आधीच 'खस्स' ऐकू येत होतं. आवाज दाबून लहान करणारा एन्कोडर तो तुकड्या-तुकड्यानं घेतो. तुकड्याच्या मधेच ठोका आला तर त्याची खरखर तुकडाभर पसरते, ठोक्याआधीच्या शांततेतसुद्धा. बोलण्याला ३२ चालतं, पथकाला नाही. १२८ द्या. चित्राच्या अडीच हजार किलोबिटांत शंभर काय जड आहेत? महिनाभर हात सोलवटून सराव करायचा आणि ऐकायला पत्र्याचा डबा!

खानापूरकर: ही चूक माझीच. आवाज १२८. चित्र मात्र ४८०.

माहेरवाशीण, पुणे: आणि ओटी भरताना? तेव्हा भंडारा नसतो, कॅमेरा स्टँडवर, सगळं स्थिर. तुमच्याच हिशोबानं तिथं ७२० निभायला पाहिजे. आईला यंदा प्रवास झेपत नाही, तिला देवीचा मुखवटा नीट दिसायला हवा.

खानापूरकर: निभेल. पण आमच्या अ‍ॅपमध्ये दर्जा बदलायचा तर लाइव्ह तोडून परत जोडावं लागतं.

माहेरवाशीण, पुणे: मग तोडा की. जोडेपर्यंत आम्ही चहा टाकतो.